अर्धं निळं, अर्धं गुलाबी घर

आमचं घर रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटतं, मध्येच रंग संपला असावा. डावी बाजू निळी, उजवी गुलाबी, आणि वरच्या कठड्यापासून खालच्या पायरीपर्यंत मधोमध सरळ रेघ. रंग संपला नव्हता. थोरले दीर आणि माझे यजमान यांनी घराची वाटणी केली, तेव्हा थोरल्यांनी आपल्या बाजूला निळा रंग मारला. धाकट्याला निळा सोडून काहीही चाललं असतं, म्हणून खोपोलीच्या दुकानात समोर दिसला तो डबा त्यांनी उचलला. घरी येऊन उघडला तर गुलाबी. परत करायला जावं तर भाऊ हसेल, म्हणून तोच मारला. दोघेही भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण आम्ही दोघी जावा अजून आपापली बाजू आपापल्याच रंगाने रंगवून घेतो.

बाहेरच्या मोठ्या खोलीला हल्ली हॉल म्हणतात. रेघ त्या हॉलमधूनही जाते. समोरच्या भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर आहे. ती कुणाच्या बाजूला लावायची यावरून दोघे भाऊ किती तरी दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी तसबीर बरोबर रेघेवर लागली. रोज संध्याकाळी आम्ही दोघी तिच्यापुढे मेणबत्त्या लावतो, एक त्यांची आणि एक माझी, आणि वंदना म्हणतो. वंदनेतही जाऊबाई माझ्यापुढे अर्धी ओळ असतात, कारण त्या थोरल्या आहेत.

खरा घोळ वाटणीत झाला. पाण्याची लाइन डाव्या अंगाला होती म्हणून बाथरूम आणि संडास त्यांच्या निळ्या बाजूत गेले. चूल उजव्या अंगाला होती म्हणून स्वयंपाकघर माझ्या गुलाबी बाजूत आलं. म्हणजे मला अंघोळ करायची तर त्यांच्या हद्दीत जावं लागतं आणि त्यांना चहा प्यायचा तर माझ्या. वाटणी झाली तेव्हापासून रोज सकाळी बाथरूमच्या दारापाशी बादली घेऊन उभं राहायचं आणि पहिली हाक मारायची, "बाई, येऊ का?"

"थांब जरा."

आत कुणी नसतं. जाऊबाई स्वतः बाहेरच्या ओट्यावर पाय पसरून, दातांना मिश्री लावून तांदूळ निवडत बसलेल्या असतात. तरी थांब जरा. मग चार दाणे इकडचे तिकडे करून झाले की, "जा आता." मीही काही कमी नाही. त्या चहाला आल्या की तयार चहावर ताट झाकून मी सांगते, "आधण आत्ता ठेवलंय, बसा." अशी आमची वर्षं गेली आणि बरी गेली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. घर जमेल तसं, खोली-खोलीने बांधलं गेलं. दोघींची लोखंडी कपाटं आली तेव्हा मागच्या खोल्यांना नुसत्या भिंती होत्या. कपाटं आत गेली आणि मग दारांच्या अरुंद चौकटी बसल्या. चौकटी बसल्या तशी कपाटं आतच अडकली. माझं निळ्या बाजूच्या मागच्या खोलीत आणि त्यांचं गुलाबी बाजूच्या मागच्या खोलीत. वाटणी झाली ती यानंतर कैक वर्षांनी. पुरुषांनी कागदावर घर वाटून घेतलं, पण कपाटं काही कागदावरून हलत नाहीत. बाईमाणूस कपाटापाशी राहतं. त्यामुळे मी आजवर त्यांच्या मालकीच्या निळ्या खोलीत झोपते आणि त्या माझ्या मालकीच्या गुलाबी खोलीत. गुलाबी रंगात झोप लागत नाही, लहान पोरीच्या फ्रॉकात कोंबल्यासारखं वाटतं, असं त्या मला अधूनमधून ऐकवतात.

गेल्या थंडीत जाऊबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण कंबर चांगलीच धरली. साबण माझा होता हे त्यांनी पळसदरी स्टेशनपर्यंत सगळ्यांना सांगितलं. साबण माझा होता हे खरं, पण तो कोनाड्यातून काढून खाली कुणी ठेवला याबद्दल त्या बोलत नाहीत. ते असो. पडल्याची बातमी पोरांपर्यंत गेली आणि आमचं सुखाचं भांडण संपलं.

पोरं म्हणजे माझा मुलगा आणि त्यांची मुलगी. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, मुलगी मोहोपाड्याला जावयाच्या क्वार्टरमध्ये. दोघांनी मिळून व्हिडिओ कॉल लावला. कॉलवर जाऊबाईंचं फक्त कपाळ दिसत होतं आणि माझा फक्त कान, पण सभा गंभीर होती.

मुलगा म्हणाला, "आई, आता दोघींनीच राहायचं नाही. एक तर सगळं घर भाड्याने देऊन टाका. तू माझ्याकडे ये, काकी ताईकडे जातील. नाहीतर पुढच्या दोन खोल्या द्या, म्हणजे घरात एखादं तरी धडधाकट माणूस असेल. काय ते पावसाळ्याच्या आत ठरवा."

जाऊबाईंची मुलगी म्हणाली, "आये, भांडू नका हां. नीट ठरवा."

म्हणजे सगळं घर द्यायचं तर मी पुण्याला आणि जाऊबाई मोहोपाड्याला. खोल्या द्यायच्या तर दोघी इथेच. इतकं सोपं होतं ते.

मला पुण्याला जायचं नव्हतं. हे मी इथे सरळ लिहिते, कारण तेव्हा मी ते कुणालाही सांगितलं नाही. मुलाचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. सून इतकी गुणी की तिच्याशी भांडायला जागाच सापडत नाही. मागे तिथे महिनाभर राहिले होते. बाथरूम रिकामं की सरळ आत जायचं, कुणी थांब म्हणत नाही. मला तर बाहेरच उभं राहावंसं वाटायचं. जन्मभर ज्या बाईशी भांडले तिच्यावाचून मला एक दिवस करमणार नव्हतं. पण हे तिला सांगण्यापेक्षा मी जीभ चावून गप्प बसणं पसंत केलं असतं, आणि केलंही. जाऊबाईंच्या मनात काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. पोरीकडे जायला त्या कदाचित आसुसलेल्याही असतील, असं वाटून माझा जीव खालीवर होत होता.

म्हणून मी एक शक्कल लढवली. जाऊबाईंचा एक नियम आहे. मी जे म्हणेन त्याच्या उलट त्यांना हवं असतं. मी म्हटलं पाऊस येणार, की त्या वाळवण घालतात. मी म्हटलं वालाची भाजी करूया, की त्यांना पोटात गॅस होतो. तेव्हा मी ठरवलं, आपण म्हणायचं सगळं घर देऊया, की त्या आडव्या येणार आणि खोल्यांवर तडजोड होणार. शाळेच्या ऑफिसात नोकरी करताना मी अशीच कामं काढून घेत असे. मुख्याध्यापकांवर हे हमखास चालायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे ठेवत मी म्हटलं, "बाई, मला वाटतं सगळंच घर देऊन टाकूया."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला. म्हणाल्या, "दिऊन टाक."

मला वाटलं, नीट ऐकलं नसेल. "सगळं म्हणतेय मी. दोन्ही बाजू."

"आइकलं गं. दोनी बाजू. बरं हाय. दिऊन टाक."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ही बाई माझ्या शब्दाला हो म्हणाली आणि तेही नेमकं तेव्हा! मला इतका संताप आला की मी त्यांच्या पुढचा कप उचलून नेला. त्यात अजून चहा होता. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली आणि ठरवलं, बाईला जायचंच आहे तर जाऊ दे, मी का अडवू. आता शब्द मागे घ्यायचा तर त्या जन्मभर चिडवणार.

मग एजंट आला. आमच्या गावचाच. सकाळी दूध घालतो, दुपारी प्लॉट दाखवतो. खालापूर, कर्जत, खोपोली, कुठे काय विकायला आहे ते त्याला पाठ. घरासमोर उभा राहून त्याने फोटो काढला आणि डोकं खाजवलं.

"काकी, फोटोत दोन घरं दिसतात गं. पार्टी इचारते, यातलं कुठलं? एक रंग मारा ना."

"मारते की," मी म्हटलं. "गुलाबी."

"निळा," जाऊबाई म्हणाल्या.

एजंटने रंगाचा विषय सोडला आणि रील काढायला घेतली. हल्ली रीलशिवाय घर जात नाही म्हणे. मोबाइल पुढे धरून तो हॉलमधून चालत निघाला. "निसर्गरम्य परिसर, मोकळी हवा, प्रशस्त..." तोच जाऊबाई पडद्यावर आल्या, हातात केरसुणी, "चपला घालून कुठं निघालास रं? बापाचं घर हाय?" त्याने दुसऱ्यांदा काढली, तेव्हा मी मध्ये आले. मला वाटलं होतं की मी बाजूला आहे. शेवटी त्याने ती पहिलीच रील टाकली. त्याच्या बायकोने सांगितलं की ती कर्जतपर्यंत गेली, पण घर कुणी विचारलं नाही, आजी कोण ते विचारतात.

जाताना तो फाटकाला पाटी टांगून गेला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, संपूर्ण घर भाड्याने देणे आहे.

दोन दिवस मी ती पाटी सहन केली. तिसऱ्या दिवशी भांडी घासायची राख मुठीत घेऊन फाटकापाशी गेले, इकडेतिकडे पाहिलं, आणि पहिल्या शब्दावर ती अशी काही फासली की नुसतं 'घर भाड्याने देणे आहे' एवढंच उरलं. एजंट आला, कुणाची तरी म्हैस अंग घासून गेली असं समजून तिला शिव्या घातल्या, पाटी पुसली. पण आठवड्याने पहिला शब्द पुन्हा गेला. या वेळी काहीतरी काळं फासलं होतं. ते मी केलं नव्हतं. एजंटने पुन्हा म्हशीला शिव्या घातल्या आणि मीही त्याच्याबरोबर घातल्या. त्याने कंटाळून पाटी तशीच राहू दिली.

त्या पाटीमुळे पहिलं गिऱ्हाईक आलं ते खोली मागायलाच. रसायनीच्या कारखान्यात नुकता लागलेला इंजिनियर, शर्ट खोचलेला, बोलायला नम्र. मला तो पाहता क्षणी आवडला. पुढची एक खोली याला द्यावी, दुसरी आणखी कुणाला, प्रश्न मिटला. आमच्याकडे कुणीही नवं माणूस आलं की आधी पोहे होतात, मग बोलणं. ते मुलगी बघायला आलेले असोत की मीटर बघायला. त्याने पोहे घेतले आणि जाऊबाईंनी चौकशी सुरू केली.

"लगीन झालंय?"

"नाही आजी."

"मटन खातोस ना?"

"नाही. आम्ही प्युअर व्हेज." त्याला वाटलं असेल, आता घर पक्कं. शहरात हे उत्तर दिलं की म्हणे लगेच किल्ली देतात.

जाऊबाईंचा चेहरा पडला. "मंग नको रं बाबा. उंद्या आमी सुकट भाजली की तू नाकाला रुमाल लावून बसशील. आमच्याच घरात आमी चोरावानी खायाचं का?"

मी घाईघाईने म्हटलं, "होईल सवय. तुम्ही खोली तर बघा."

त्याने खोली पाहिली, आवडली. मग त्याने एक अगदी साधा प्रश्न विचारला. "किचन आणि बाथरूम वापरता येईल ना?"

"किचन माझं आहे, वापरा."

"बाथरूम माजं हाय. इचारून जायाचं."

"आणि ही खोली?"

खोली निळ्या बाजूची होती, म्हणजे जाऊबाईंची, पण तिच्यातला पंखा माझ्या यजमानांनी आणलेला होता. तो पंखा खोलीबरोबर जाणार की मी काढून घेणार, यावर आमचं थोडं बोलणं झालं. बोलणं लांबलं. पंख्यावरून दिराच्या पुण्यानुमोदनाला कुणी काय केलं तिथपर्यंत गेलं. मध्ये पाहिलं तर बशी धुऊन पालथी घातलेली होती आणि इंजिनियर फाटकाबाहेर स्कूटर ढकलत चालला होता. घरापासून बऱ्यापैकी लांब जाईपर्यंत त्याने ती सुरूसुद्धा केली नाही.

"गुनी पोर व्हता," जाऊबाई म्हणाल्या. "बशी धुतली त्यानं."

"तुम्ही घालवलात."

"तू पंखा काढलास."

मला रडायला आलं. खोल्यांचा रस्ता आम्ही दोघींनी मिळून बंद केला असं मला वाटलं. त्या रात्री मी पुण्याला न्यायची लुगडी कपाटातून काढून पलंगावर ठेवली आणि परत कपाटात ठेवली.

त्यानंतर मे महिन्याच्या शेवटी ठाण्याची पार्टी आली. नवरा, बायको आणि बायकोचे वडील. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, डोक्याला टोपी, हातात पाण्याची बाटली, स्वभावाने शांत. वडिलांना चांगल्या हवेत ठेवायचं आणि आपण शनिवार-रविवार यायचं, असा त्यांचा बेत. एजंट त्यांच्या पुढे पुढे नाचत होता. त्यांना सगळं घर हवं होतं.

आता आमच्या दोघींची एक जुनी सवय आहे. आलेल्या पाहुण्याला एकमेकींच्या बाजूचे दोष दाखवायचे. ते आम्ही मुद्दाम करतो असं नाही, तोंडातून येतातच. मी सांगितलं, "निळ्या बाजूला पाणी फार हळू येतं हं. बादली भरेपर्यंत माणूस म्हातारं होतं."

बायको म्हणाली, "छानच! घाई नाही कसली. हेच हवंय आम्हाला."

जाऊबाई म्हणाल्या, "गुलाबी बाजूला सैपाकघरात उकडतं. माणूस भाजून निगतं."

"बाबांना थंडी सोसत नाही. बरं होईल."

मी म्हटलं, "गाड्यांचा आवाज फार. घाटात चढायला मागून इंजिन लावतात ना, सगळं घर धडधडतं."

वडील पहिल्यांदाच बोलले. "अरे वा! ऐकू येतो का इथून?" आणि ते चक्क ओट्यावर जाऊन कान देऊन उभे राहिले.

जाऊबाईंनी शेवटचा घाव घातला. "साप निगतात."

नवरा म्हणाला, "म्हणजे परिसर जिवंत आहे."

या माणसांपुढे कुणाचं काय चालणार? रंगही त्यांना आवडला. "कित्ती गोड!" बायको म्हणाली. आणि मग भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "अर्थात आम्ही सगळं पांढरं करून घेऊ. ही मधली रेघ गेली की हॉल किती मोठा दिसेल बघा."

मी जाऊबाईंकडे पाहिलं नाही. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोघींनी तसबिरीकडे पाहिलं. दोन भावांनी एकमेकांवर रुसून काढलेली रेघ होती ती, आणि त्यांचं दुसरं काही आमच्याकडे फारसं राहिलेलं नव्हतं. मी पोहे करायला निघाले.

एजंट म्हणाला, "चला, मग ठरलं. मोठ्या काकी, सगळं घर ना? दोनी बाजू?"

मी दारातच थांबले.

"सगळं," जाऊबाई म्हणाल्या. "त्येवढी निळ्या अंगाची मागची खोली सोडून."

एजंटचा हात खिशातच राहिला. "ती कशाला सोडायची?"

"तिच्यात भाडेकरू हाय."

"भाडेकरू? कधीपासनं? मला नाय बोलली."

"लई वर्सं झाली. कपाटासकट हाय. कपाट निगत नाय आन् भाडेकरूपण."

"कोण?"

जाऊबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ही."

मी तिथे उभी राहिले. इतक्या वर्षांत त्या खोलीबद्दल मला कुणी काय काय म्हटलं होतं, पण भाडेकरू म्हणून मान पहिल्यांदाच मिळाला. आणि मग मला कळलं की आता माझी पाळी आहे. मी हॉलमध्ये परत आले, गुलाबी बाजूला, माझ्या हद्दीत उभी राहिले आणि म्हटलं, "गुलाबी अंगाची मागची खोलीसुद्धा देता येणार नाही. तिच्यात माझ्या भाडेकरू आहेत."

"कोण?" एजंटने विचारलं, पण त्याच्या तोंडावर दिसत होतं की त्याला उत्तर माहीत आहे.

"ह्या. ह्यांचंही कपाट निघत नाही."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने भिंतीकडे पाहिलं. एजंट मटकन पायरीवर बसला. "मंग ऱ्हायलं काय?"

"किचन आहे," मी म्हटलं, "पण ते विचारून."

"बाथरूम हाय," जाऊबाई म्हणाल्या, "इचारून."

तेवढ्यात ओट्यावरून हसू आलं. वडील टोपी काढून हसत होते, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. ते आत आले आणि मुलीला म्हणाले, "अगं, मला एवढं मोठं घर कशाला? सोमवार ते शुक्रवार त्यात मी एकटा काय करू, भिंतींना गोष्टी सांगू? मला ती पुढची खोली बास आहे. तुम्ही आलात की दुसरी घ्या. आणि रंग आहे तो राहू दे." मग त्यांनी जाऊबाईंकडे वळून मोठ्या अदबीने विचारलं, "सुकट चालते ना तुमच्याकडे?"

जाऊबाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. पहिल्या वाक्यातच पास झाला माणूस. पुढची निळी खोली त्यांना, पुढची गुलाबी शनिवार-रविवारसाठी मुलीला-जावयाला, आणि पंखा खोलीबरोबर. पंख्याचं मीच म्हटलं, कुणी मागितला नव्हता. मग मी पोहे केले आणि सगळ्यांनी खाल्ले. एजंटने दोनदा घेतले. त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की त्याने हा धंदा सोडून फक्त दूध घालायचं ठरवलं असावं.

ती माणसं गेल्यावर आम्ही दोघी पायरीवर बसलो. ऊन उतरलं होतं. मला ते विचारल्याशिवाय राहवेना.

"बाई, त्या दिवशी मी म्हटलं सगळं घर देऊया, तेव्हा आडव्या का नाही आलात? एरवी तर येता."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला वाटलं, तुला जायाचंय. पोराकडं. नातवंडं हायेत तिथं." पदर गुडघ्यावर सारखा करत म्हणाल्या, "जल्मभर तुझ्या आडवी आले. म्हटलं, येकदा तरी बाजूला व्हावं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. ठेवून दिला माझ्या मांडीवर, निवडलेल्या भाजीची जुडी ठेवतात तसा.

"पाटीला काळं कुणी फासलं होतं?" मी विचारलं.

"म्हशीनं."

"म्हैस मिश्री लावत नाही, बाई."

"आन् राख लावते व्हय?" त्या म्हणाल्या.

मग आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारची बाई काय झालं ते बघायला बाहेर आली. जाऊबाईंची कंबर हसताना दुखली आणि त्यांनी त्याबद्दल मला शिवी घातली. संध्याकाळी मुलाला फोन करून सांगितलं की खोल्या दिल्या, घरात आता धडधाकट माणूस आहे. किती वर्षांचं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, धडधाकट आहे, वय कशाला विचारतोस.

पावसाच्या आधी काका राहायला आले. आम्ही त्यांना काका म्हणतो, जरी वयाने ते आमच्याएवढेच असले तरी. येताना दोन बॅगा, एक रेडिओ आणि घाटातल्या गाड्यांचं वेळापत्रक घेऊन आले, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी जाऊबाईंना कुठल्या इंजिनाचा आवाज कसा ते समजावून सांगितलं. जाऊबाईंना ते लग्न होऊन आल्यापासून ठाऊक आहे, पण त्यांनी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूमच्या दारापाशी आले. नियम त्यांना सांगितलेला होता. ते म्हणाले, "येऊ का हो?"

ओट्यावर बसून तांदूळ निवडणाऱ्या जाऊबाई लगेच म्हणाल्या, "या की. इचारायचं काय त्यात?"

मी स्वयंपाकघरातून हे ऐकलं. चहाखालचा गॅस बंद केला, चहावर ताट झाकलं. काका बाहेर आल्यावर मी बादली उचलली आणि त्याच दारापाशी जाऊन उभी राहिले. आत कुणी नव्हतं.

"बाई, येऊ का?"

त्यांनी मान वर केली नाही. एक खडा उचलून अंगणात टाकला, मग दुसरा.

"थांब जरा," त्या म्हणाल्या.

मी बादली खाली ठेवली आणि थांबले.